मोठ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना वर्गात जायला वेळ कधी मिळणार?

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या ऑफिससमोर जी गर्दी होते ना, त्यातल्या बऱ्याच पालकांची ॲडमिशन कधीच झालेली असते. ते तुकडी बदलून मागायला आलेले असतात. "मॅडम, आमच्या पोरीला अ मध्ये टाका ना, काहीही करा पण अ मध्ये टाका." का, तर अ तुकडीला ज्या बाई आहेत त्यांच्याकडची मुलं दिवाळीपर्यंत वाचायला लागतात, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मी पण त्याच रांगेत उभी होते आणि मला अ तुकडी मिळाली. ज्यांना मिळाली नाही त्यांची मुलं त्याच गावातली, त्याच शाळेतली, त्याच पुस्तकातून शिकणारी, फक्त भिंतीच्या पलीकडे बसणारी. तेव्हा मी त्याचा विचार केला नव्हता, नंतर शाळेच्या व्यवस्थापन समितीत गेले आणि रोज शाळेत पाय पडायला लागले तेव्हा तो विचार डोक्यातून जाईना.

आमचं गाव पुण्याच्या बाहेर हायवेला लागून आहे. पंधरा वर्षांपूर्वी दोनशे पट असलेली शाळा आता सातशेच्या पुढे गेलीय, कारण आजूबाजूला गोडाऊन झाली, कंपन्या आल्या, खोल्या भाड्याने लागल्या. पहिली ते सातवी, प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या, म्हणजे एकवीस वर्ग. वर्गात नांदेडची मुलं, यवतमाळची, कलबुर्गीची, बिहारची. घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी भोजपुरी, कुणी बंजारा, आणि शाळेत आल्यावर सगळ्यांसमोर तेच बालभारतीचं पुस्तक. अशा शाळेबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. बातम्या येतात त्या बहुतेक छोट्या शाळांच्या. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आपण सगळे खूश झालो आणि व्हायलाच पाहिजे होतं, पण ती शाळा लहान, तिथं एका माणसाचा ध्यास अख्ख्या शाळेपर्यंत पोचू शकतो. एकवीस वर्गांच्या शाळेत एक कितीही भारी शिक्षक असला तरी तो चाळीस मुलांनाच पुरतो. बाकीच्या साडेसहाशे मुलांचं काय, हा प्रश्न मोठ्या शाळेत आला की आपण "सर चांगले आहेत का" एवढ्यावरच थांबतो, आणि इथंच आपलं चुकतं असं मला ठामपणे वाटतं.

आता जे पाहिलं ते सांगते. मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी तिसरीच्या ब तुकडीत बसले होते. सरांनी एका मुलाला उभं केलं, वाच म्हणाले. त्यानं धडा घडाघडा वाचला, सुरात, एकही शब्द न चुकता. मला फार कौतुक वाटलं. मग सहज लक्ष गेलं तर त्याचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड सहाव्या ओळीत. मी त्याला जवळ बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, "आई भाजी आणते." त्यानं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सरळपणे म्हणाला, "हे पुस्तकात नाहीये काकू." तीन अक्षरं ओळखली त्यानं, आ, त आणि म, त्यातला म तर त्या वाक्यात नव्हताच. तिसरीतला मुलगा, हजेरी चांगली, वही स्वच्छ, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं, अक्षर माझ्यापेक्षा सुंदर. दोन वर्षं तो चित्र काढल्यासारखी अक्षरं काढत होता, आणि हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं कारण वही तपासली की लाल पेनाने बरोबरची खूण करण्यासारखीच होती.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीनंतर अ तुकडीत गेले. बाई खुर्चीवर नव्हत्याच, खाली फरशीवर सहा मुलं घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यासमोर शब्दपट्ट्या. बाकीची मुलं तीन-तीनच्या गटात गोष्टीची पुस्तकं वाचत होती, आवाज होता पण कामाचा आवाज. टेबलावर एक जाड वही होती, मी परवानगी घेऊन बघितली. प्रत्येक मुलाची एक ओळ. एकापुढे लिहिलं होतं "जोडाक्षराला अडतो", दुसऱ्यापुढे "ड आणि ढ गोंधळ", तिसऱ्यापुढे "घरी कन्नड, ऐकून समजतं, बोलायला लाजते", चौथ्यापुढे "वाचतो पण अर्थ सांगता येत नाही". तारीख टाकून, दर पंधरा दिवसांनी. ही वही वरून कुणी मागितलेली नाही, ती कुठल्या लिंकवर भरायची नाही, बाईंनी स्वतःच्या कामासाठी केलेली आहे. चांगलं शिकवणं म्हणजे काय हे मला त्या वहीत जेवढं समजलं तेवढं कुठल्या भाषणात समजलं नाही.

इथं बरेच जण लगेच म्हणतील की ब तुकडीचे सर कामचुकार. मी पण तेच धरून चालले होते. पण सर रोज वेळेच्या आधी येतात, मोबाईल हातात नसतो, मुलांवर हात उचलत नाहीत. त्यांच्याशी बोलले तेव्हा कळलं की आधीच्या शाळेत नऊ वर्षं ते सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवायचे, बदली होऊन इथे आले आणि जी तुकडी रिकामी होती ती मिळाली. ते म्हणाले, "ताई, वाचायला येत नाही त्या मुलाला पहिल्यापासून वाचायला कसं शिकवायचं हे मला कुणी कधी करून दाखवलंच नाही. डीएडला होतं, पण त्याला आता किती वर्षं झाली." आणि मग मी विचारलं की शेजारच्या बाईंच्या वर्गात कधी बसलात का, तर म्हणाले नाही, कसं बसणार, माझा वर्ग कोण बघणार? दोन वर्गांच्या मध्ये नऊ इंचांची भिंत. एका बाजूला उत्तर आहे आणि दुसऱ्या बाजूला प्रश्न आहे, आणि दोन वर्षांत ते एकदाही समोरासमोर आले नाहीत.

मोठ्या शाळेचं खरं बळ हेच असायला पाहिजे. दोन शिक्षकी शाळेतल्या गुरुजींना चार इयत्ता एकत्र सांभाळताना शेजारी विचारायला कुणी नसतं. आमच्याकडे एकाच इयत्तेला तीन शिक्षक आहेत, एकाच आठवड्यात एकच धडा शिकवणारे, एकमेकांना विचारता येईल, एकाच्या वर्गात दुसऱ्याला बसता येईल, तिघांची मुलं वाचनाच्या पातळीप्रमाणे दिवसातून एक तास वाटून घेता येतील. हे घडत नाही कारण ते आपोआप घडत नसतं. वेळापत्रकात जागा काढावी लागते, कुणाचा वर्ग कुणी धरायचा ते ठरवावं लागतं, ज्याला येत नाही त्याचा अपमान न होता त्याला शिकवावं लागतं. हे काम मुख्याध्यापकांचं आहे. माझ्या मते मोठ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचं हेच पहिलं काम आहे, बाकी सगळं त्याच्या नंतर.

आणि आपण त्यांना नेमकं तेवढंच करू देत नाही.

एका मंगळवारी मी आमच्या मुख्याध्यापिका मॅडमच्या ऑफिसमध्ये साडेदहापासून चारपर्यंत बसून होते, समितीच्या कामासाठीच गेले होते पण नंतर मुद्दामच थांबले. परिपाठ झाला आणि पंचायत समितीतून फोन, बारापर्यंत माहिती पाठवा, अर्जंट आहे. मग पोषण आहाराचा तांदूळ. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम, सहावी-सातवीला १५० ग्रॅम, त्या हिशेबाने त्या दिवशीची हजेरी धरून तांदूळ काढून द्यायचा, डाळ, तेल, सगळं रजिस्टरला, परत ॲपवर. सिलिंडर संपलं. चौदा मुलांच्या आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, ते दुरुस्त करायचं, कारण आधार जुळलं नाही तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, ती मुलं धरत नाहीत आणि मुलं कमी धरली की शिक्षकाचं पद जातं. दोन बाप दाखल्यासाठी. एक आजी बोनाफाईडसाठी, तिला परत उद्या यायला सांगणं मॅडमना जमलं नाही. एक मुलगी पडली, गुडघा फुटला. बांधकामवाला आला. दुपारी शिष्यवृत्तीची लिंक, यू-डायसची, म्हणजे सरकारी शाळा-माहितीच्या पोर्टलवरची, दुरुस्ती. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला क्लार्क नसतो हे बऱ्याच शहरी लोकांना माहीतच नाही, पट सातशे असला तरी नसतो, शिपाई पण नाही, बेल द्यायला सातवीची मुलं. त्या दिवशी मॅडम तीन वेळा वर्गांच्या रांगेतून गेल्या, तिन्ही वेळा कुणाला तरी निरोप द्यायला. एकाही वर्गात त्या बसल्या नाहीत. आणि मी विचारल्यावर त्या म्हणाल्या की पूर्ण एक तासिका शेवटची कधी बसून पाहिली ते आठवत नाही. हे सांगताना त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. त्या तीस वर्षं शिक्षिका होत्या, पहिलीचा वर्ग हा त्यांचा जीव की प्राण.

कायदा काय म्हणतो बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीला दीडशेच्या वर मुलं असतील तर पाच शिक्षक आणि शिवाय एक मुख्याध्यापक. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं की शाळा एवढी झाली की वर्ग न सांभाळणारा, शाळा सांभाळणारा एक वेगळा माणूस लागतो. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत, त्यात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याला लागेल ती जादा मदत देणं पण आहे. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम लावायचं नाही. मॅडमचा तो मंगळवार त्या कलमात कुठे बसतो मला सांगा. तांदूळ मोजणं, आधार जुळवणं, एकच आकडा चार ठिकाणी भरणं, याला शाळेचं काम म्हणायचं, त्यामुळे ते बिगरशैक्षणिक धरत नाहीत. पण ज्याच्यामुळे मुख्याध्यापकांचा दिवसच्या दिवस जातो आणि एकाही मुलाला एक अक्षर जास्त येत नाही, ते काम नाव काहीही दिलं तरी शिक्षणाचं नाही.

दुसरी गोष्ट, मुख्याध्यापक होतात कसे. सेवाज्येष्ठतेने. माझा ज्येष्ठतेला विरोध नाही, अनुभवाची किंमत असते. पण होतं असं की पन्नाशी उलटल्यावर प्रमोशन येतं, अठ्ठावन्नला रिटायरमेंट, मधली थोडी वर्षं, त्यात एखादी बदली. काल वर्ग शिकवत होता, आज वीस मोठ्या माणसांकडून काम करून घ्या, त्यांना शिकवा, त्यांची भांडणं मिटवा, आणि याचं आधी काहीच शिक्षण नाही. चांगला शिक्षक आपोआप चांगला मुख्याध्यापक होईलच असं नाही, मुलांना समजावणं वेगळं आणि बावीस वर्षं नोकरी झालेल्या सहकाऱ्याला "तुमचा हा तास मुलांपर्यंत पोचत नाहीये" हे त्याचं मन न मोडता सांगणं वेगळं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, चांगलंच आहे, पण त्यातलं बरंचसं व्हिडिओ बघून प्रमाणपत्र डाउनलोड करण्यात जातं असं आमचे शिक्षकच सांगतात. त्यापेक्षा होऊ घातलेल्या मुख्याध्यापकांना दुसऱ्या एखाद्या चांगल्या चालणाऱ्या मोठ्या शाळेत एक सत्र मुख्याध्यापकांच्या बरोबर बसवलं तर कितीतरी जास्त शिकतील. त्यात आता २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय की प्रमोशनला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पाहिजे आणि ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. त्यावर शिक्षकांमध्ये खूप घालमेल चालू आहे, मी त्यात पडत नाही, पण एवढं नक्की की टीईटीने विषयाचं ज्ञान कळेल, माणूस शाळा चालवू शकेल का ते कळणार नाही.

आपल्याच राज्यात हे जमलेलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट आठवा, बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट. प्रतिभा भराडे तिथं विस्तार अधिकारी होत्या, आणि त्यांनी बीटमधल्या चाळीसेक शाळांत शिक्षकांच्या बरोबर बसून ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मुलांनी स्वतः करून बघत शिकायची पद्धत, रुजवली, राज्यभरातून शिक्षक बघायला गेले, २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला त्यामागे या कामाची प्रेरणा होती. एका अधिकारी बाईंनी आपलं काम तपासणी आणि शेरा एवढंच न धरता शिक्षकांना शिकवणं हे धरलं, त्याचा हा परिणाम. पण नंतर झालं काय, बऱ्याच शाळांनी तिथून फरशीवरची रंगीत रेखाटनं आणली. आमच्या शाळेत पण आहेत, मुळाक्षरं, संख्यारेषा, सगळं ऑइलपेंटने, आणि आता त्यावर बेंच ठेवलेत. रंग आणता आला, शिक्षकाशेजारी बसून त्याच्याबरोबर विचार करणारा माणूस आणता आला नाही. कारण रंगाचं बिल निघतं, फोटो निघतो, भेटीला आलेल्या साहेबांना दिसतं.

आणि यात आम्ही पालक आणि समितीवाले पण जबाबदार आहोत हे मान्य करायला पाहिजे. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असायला पाहिजेत, शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचा अधिकार आम्हाला दिलाय. मी दोन वर्षांतली आमची प्रोसिडिंगची वही काढून बघितली. कंपाउंडची भिंत, बोअरची मोटर, स्वच्छतागृह, सीसीटीव्ही, गॅदरिंगचा मंडप, स्मार्ट टीव्ही. "तिसरीतली किती मुलं वाचतात" हा प्रश्न एकाही मीटिंगला नाही. स्वच्छतागृह पाहिजेच, मुलींसाठी तर पाहिजेच पाहिजे, पण जे शाळेचं मूळ काम त्याबद्दल एक ओळ नसावी? असर या ग्रामीण मुलांच्या शिकण्याच्या पाहणीच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेत शिकणाऱ्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला, पाचवीत गेल्यावर ४४.८ टक्क्यांना. हे आकडे पेपरात आले की आपण सरकारला बोलतो, शिक्षकांना बोलतो, आणि संध्याकाळी आपल्याच गावातल्या शाळेच्या मीटिंगला जाऊन मोटरवर बोलतो.

यावर लोक काय म्हणतात ते पण मला माहीत आहे. मुख्याध्यापक वर्गात येऊन बसले की शिक्षकांना तो पहारा वाटतो, संघटना बोलतात, वातावरण बिघडतं. खरं आहे, वाटतं, कारण आजवर वर्गात कुणी आलं ते चूक पकडायलाच आलं. लॉगबुकात शेरा, नाहीतर नोटीस. जो माणूस वर्षातून एकदा येतो तो पाहुणा नाहीतर पोलीस. जो दर आठवड्याला येतो, मागच्या बेंचवर मुलांच्या शेजारी बसतो, तास संपल्यावर "त्या खिडकीजवळच्या तीन मुली आज काही बोलल्या नाहीत, उद्या त्यांना पुढे घेऊन बघूया का" असं म्हणतो आणि उद्या स्वतः पंधरा मिनिटं त्या तिघींना घेऊन बसतो, त्याचा पहारा वाटत नाही. निदान आमच्याकडे वाटला नाही.

कारण आम्ही जानेवारीपासून थोडं करून बघितलं. गावातले एक निवृत्त ग्रामसेवक काका आहेत, ते रोज दहा ते बारा ऑफिसमध्ये बसायला तयार झाले, धान्याचं वजन, रजिस्टर, आलेल्या पालकांचे अर्ज घेऊन ठेवणं, जे त्यांना करता येण्यासारखं होतं तेवढं. मॅडमचा फोन अकरा ते बारा ड्रॉवरमध्ये. त्या एका तासात त्या तिसरीच्या तुकड्यांमध्ये. पहिल्या आठवड्यात त्यांनी ब तुकडीच्या सरांचा वर्ग स्वतः घेतला आणि सरांना भिंतीपलीकडे बाईंच्या वर्गात बसायला पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात उलटं, बाई सरांच्या वर्गात. मग तिन्ही तुकड्यांच्या मुलांचे वाचनाचे गट केले, रोज पाऊण तास, ज्यांना अक्षरंच येत नाहीत ते सगळे बाईंकडे, आणि सरांकडे गणिताचा गट, कारण गणितात सर खरोखर हुशार आहेत, अपूर्णांक ते भाकरी घेऊन शिकवतात आणि बाईच म्हणाल्या की हे मला सुचलं नसतं. मार्चअखेर तो "पुस्तकात नाहीये" म्हणणारा मुलगा दुकानाच्या पाट्या वाचत घरी जात होता. सगळी मुलं वाचायला लागली असं मी म्हणणार नाही, अकरा मुलं अजून अडतात, त्यांची नावं आता तीनही शिक्षकांना माहीत आहेत आणि मॅडमना पण.

पण एका काकांच्या सद्भावनेवर शाळा चालवायची ही काय पद्धत झाली? ते आजारी पडले की मॅडम परत तांदळाजवळ. त्यामुळे माझं म्हणणं सरकारकडे अगदी साधं आहे, ज्या प्राथमिक शाळेचा पट तीनशेच्या वर आहे तिथं एक क्लार्क द्या. नवीन योजना नको, नवीन ॲप तर नकोच नको. आणि एकदा भरलेली माहिती परत मागू नका, शाळेच्या वेळात "अर्जंट" मेसेज टाकू नका. केंद्रप्रमुखांनी शाळेत आल्यावर फाइल न मागता मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन एक पूर्ण तासिका बसून बघावी आणि त्यावर बोलावं. आणि बदल्या करताना एवढं बघावं की एकाच वर्षी मुख्याध्यापक आणि निम्मे शिक्षक एकदम उठून जाणार नाहीत, नाहीतर जे बसवलं ते जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. बाईंची ती वही त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाऊन उपयोग नाही, ती मुलांबरोबर चौथीच्या वर्गात गेली पाहिजे.

आणि पालकांसाठी एक गोष्ट. पहिलीचा वर्ग कुणाला द्यायचा हे आमच्या शाळेत आणि मला वाटतं बऱ्याच शाळांमध्ये एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत ठरतं, वर्गवाटपाच्या मीटिंगला, आणि बऱ्याचदा जो नवीन आला किंवा ज्याला नाही म्हणता आलं नाही त्याच्या गळ्यात पहिली पडते, जुने अनुभवी लोक वरचे वर्ग धरून ठेवतात. शाळेतली सगळ्यात चांगली शिकवणारी माणसं पहिली-दुसरीला पाहिजेत, तिन्ही तुकड्यांना. आम्ही या वर्षी हा विषय मार्चच्या समितीच्या अजेंड्यावर घेतला, दोन तास चर्चा झाली, आवाज चढले, पण मॅडमनी ऐकून घेतलं आणि पहिलीच्या ब तुकडीला तिसरी अ च्या बाई गेल्या. जूनमध्ये ऑफिससमोर रांग लावण्यापेक्षा मार्चमध्ये मीटिंगला या.